खिळ्यावरची नान

९ सप्टेंबर

ही वही करुणानं दिली. फुलंब्रीच्या शाळेत आम्ही दोघी शेजारशेजारच्या वर्गांवर होतो, एकाच बसनं जायचो, एकमेकींच्या डब्यातलं खायचो. आज ती पुंडलिकनगरहून रिक्षा करून बेगमपुऱ्यात आली, चहा नको म्हणाली आणि वही माझ्या मांडीवर आपटली. "रडत नाहीस तर नको रडू. बोलत नाहीस तर नको बोलू. पण लिही तरी. दगड झालीयस तू, फहमिदा."

दगड तर दगड. इद्दतीत, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस, घरात बसून होते तेव्हाही बायका हेच कुजबुजायच्या. नवरा गेला आणि हिच्या डोळ्यात टिपूस नाही. आता नाहीच येत तर काय कांदे चिरत बसू?

मराठीत लिहिते. घरात आम्ही दखनी बोलतो आणि वासिफला मराठी वाचायचा कंटाळा आहे, तेव्हा इथं कुणी डोकावणार नाही. जन्मभर पोरांना मराठी शिकवलं आणि पोटचा पोरगा इंग्रजी शाळेत घातला. असो.

तर काय लिहू? नूरमोहम्मद, म्हणजे वासिफचे अब्बा, एप्रिलमध्ये गेले. पाणचक्कीवर गाइड होते. त्या दिवशी सकाळी नेहमीसारखा अर्धा चहा ठेवून उठले. "झाकून ठेव, आल्यावर पितो." संसारभर हेच. आल्यावर कधी प्यायले नाहीत, थंड चहा कोण पितं? मग मीही नेहमीसारखा ओतून दिला आणि कप घासून टाकला. पाणचक्कीवरून फोन आला तेव्हा कप पालथा घालून झाला होता. वडाखालच्या ओट्यावर बसल्या बसल्या गेले म्हणे. त्रास झाला नाही म्हणे.

झालं लिहून. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

१४ सप्टेंबर

गिजदुवानला जायचं नक्की झालं. ते उझबेकिस्तानात आहे, बुखाऱ्याजवळचं छोटं गाव. पाणचक्कीचे बाबा शाह मुसाफिर तिथून इकडे आले. आमच्या घरात हे नाव मीठ-मिरचीसारखं रोजचं. हे हौदाच्या काठाला उभे राहून प्रत्येक पर्यटकाला सांगायचे, "बाबा गिजदुवानहून आले, मॅडम! चारी बाजूंनी डोंगर, मधून झुळझुळ वाहणारी नदी, अगदी आपल्या या जागेसारखं. म्हणून तर बाबांचं मन इथं रमलं!" मी एकदा विचारलं होतं, तुम्ही कधी पाहिलं ते गाव? तर म्हणाले, पाहायला कशाला हवं, ऐकणाऱ्याला दिसलं म्हणजे झालं.

माझी निवृत्ती झाल्यावर दोघांनी जायचं, असं ठरलं होतं. पासपोर्ट काढले, फोटोत दोघंही चोरासारखे आलो. आणि मग एप्रिल.

आता वासिफ म्हणतो, अब्बांच्या जागी मी येतो. मी म्हटलं चल. तो म्हणाला, तुला जायचं नसेल तर राहू दे. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, नाही, जाऊ या. मला दोन्हीतलं काहीही चाललं असतं.

१७ सप्टेंबर

बॅगा भरल्या. लोणचं घेतलं, चिवडा घेतला, चहाची पूड घेतली.

वासिफनं आज पुन्हा विचारलं, "अम्मी, मी दोह्याला जाऊ ना?" वाळूजची नोकरी सोडून दोह्याला चाललाय, चांगल्या कंपनीत इंजिनियर म्हणून, आम्ही परत आल्यावर लगेच. मी म्हटलं, जा की. "तू एकटी राहशील." म्हटलं, राहीन. "तुला नक्की चालेल?" अरे बाबा, चालेल म्हणून किती वेळा सांगू? कागदावर लिहून देऊ? तो बराच वेळ बॅगेच्या चेनशी खेळत बसला. नवी कोरी चेन, बिघडवून ठेवील.

२० सप्टेंबर, बुखारा

दिल्ली, मग ताश्कंद, मग आगगाडी. आगगाडी इतकी गुळगुळीत चालते की काहीच घडत नाही असं वाटतं. खिडकीबाहेर कापूस. मी म्हटलं, हे तर आपल्याकडंही आहे.

बुखाऱ्यात निळे घुमट आहेत. वासिफ फोटो काढत होता, "अम्मी, बघ ना!" म्हणत होता. बघितले. निळे आहेत.

२१ सप्टेंबर, गिजदुवान

पोचलो. डोंगर नाही. नदी नाही. सपाट, धुळीचं गाव, एक कालवा, कडेला तुतीची झाडं, बाजारात टरबुजांचे ढीग. म्हणजे सगळी नोकरी हा माणूस हौदाच्या काठी उभा राहून थापा मारत होता! वासिफला म्हटलं तर तो हसायला लागला, हसता हसता त्याचा चेहरा भलताच झाला. मी पाण्याची बाटली पुढं केली.

उतरलोय कुंभाराच्या घरी. पाहुण्यांना खोल्या देतात. घरधनीण मोहिरा, माझ्याच वयाची, धिप्पाड, डोक्याला फडकं, हाताला सदा पीठ. नवरा नाही. चाकावर आता भाऊबंद बसतात, ही घर आणि तंदूर सांभाळते. तिची सून निगोरा, तिशीची, किडकिडीत. मुलगा दिसला नाही. विचारलं तर निगोरानं "रशिया" एवढंच सांगितलं आणि कांदा चिरायला घेतला.

भाषेची मला वाटली होती तेवढी अडचण नाही. जेवायला अंथरतात ते दस्तरखान, मेहमान, दरवाजा, अनार, प्याला, हे सगळं इथंही तेच. अडलं की निगोराचा फोन हिंदीत बोलून दाखवतो. मी शिक्षिका म्हटल्यावर मोहिरा मला "मुअल्लिमा" म्हणायला लागली. बरं वाटायला हवं होतं.

एका गोष्टीचा मात्र राग आला. चहा देतात तो अर्ध्याहून कमी प्याला. तळाला घोटभर. मी एवढ्या लांबून आले, घोटभर चहा? आमच्याकडं कुणी असा दिला असता तर गल्लीत बातमी झाली असती.

आणि एक. घर आरशासारखं लख्ख, पण आमच्या खोलीत दाराशेजारी खिळ्याला एक वाळून खडंग झालेली नान दोऱ्यानं टांगलीय. कडेला कुणीतरी चावलेली. धूळ बसलीय वर. एवढ्या टापटिपीच्या बाईला हे कसं दिसत नाही?

२२ सप्टेंबर

गावातल्या मोठ्या ख्वाजांच्या मजारीवर गेलो. फातिहा पढले. वासिफनं तिथल्या म्हाताऱ्या खिदमतगाराला फोनमधला पाणचक्कीचा फोटो दाखवला. बाबा शाह मुसाफिर, इथलेच, हिंदुस्तानात गेले, तिथं आमच्या शहरात त्यांचा दर्गा आहे, पाणी आहे, चक्की आहे. म्हाताऱ्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, फोन परत दिला. कधी ऐकलं नव्हतं म्हणाला. मग हात हवेत उडवून एकच शब्द, "रफ्त." गेला. म्हणजे जो गेला तो गेला, कोण कुठवर लक्षात ठेवणार?

बाहेर बाकावर बसलो. वासिफ एकदम उभा राहिला, खाकरला, एक हात मागं बांधला, दुसरा पुढं केला आणि हुबेहूब ह्यांच्या आवाजात सुरू झाला. "आइए साहब, आइए मॅडम! बाबा गिजदुवानहून आले. चारी बाजूंनी डोंगर, मधून झुळझुळ नदी..." दोन उझबेक बायका थांबून बघायला लागल्या. त्या धुळीत, त्या सपाट गावात. अगदी शेवटपर्यंत म्हटलं त्यानं, "शंका असेल तर विचारा" सकट. मग खाली बसला आणि तोंड गुडघ्यात घातलं.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हाताला त्याची पाठ हलताना कळत होती. मला काही होत नव्हतं. मी विचार करत होते की त्याचा शर्ट इस्त्री करायला हवा होता. आई म्हणून हे लिहिताना लाज वाटते, पण वही खरं लिहायला दिलीय.

परतताना तो म्हणाला, "दोह्याचं मी अजून नक्की केलेलं नाही. तू म्हणालीस तर नाही जाणार." मी म्हटलं, तिकीट काढलंय ना? मग झालं तर.

२३ सप्टेंबर

चहाचा उलगडा झाला. वासिफनं निगोराला विचारलं. मेहमानाला प्याला भरून द्यायचा नसतो म्हणे. भरून दिला म्हणजे, प्या आणि निघा. अर्धा दिला म्हणजे, बसा, पुन्हा मागा, आम्ही पुन्हा ओतू. घ्या! मी उगाच तोंड वाकडं करत होते.

आज दुपारी मोहिरा आणि निगोरा बाजारात गेल्या. वासिफ कुंभारांच्या चाकाजवळ. मला रिकामं बसवेना. बसले की हात जड होतात, काम केलं की बरं असतं. खोली झाडली, गाद्या उन्हात टाकल्या, खिडकी पुसली. मग ती वाळकी नान काढली. आमच्याकडं शिळी भाकरी असो की नान, केरात जात नाही, बरकत जाते. वाडग्यात पाणी घेऊन भिजवली, चांगली मुरू दिली, बिस्मिल्ला म्हणून कुस्करली आणि मागच्या भिंतीवर घातली. क्षणात साळुंक्या आल्या, चिमण्या आल्या. इतक्या भांडल्या आपसांत! मी दारात उभी राहून बघत होते. शेवटचा कण जाईपर्यंत बघितलं.

खिळाही पुसला. त्याला काय टांगावं म्हणून माझी जपमाळ टांगली. छान दिसते.

आज पहिल्यांदा इथं काही उपयोगाचं केल्यासारखं वाटलं. मोहिरा खूश होईल.

२४ सप्टेंबर

लिहवत नाही, पण लिहिते.

मोहिरा काल बाजारातून आली, पिशवी ठेवायला आमच्या खोलीत डोकावली आणि खिळ्याकडं बघून उभीच राहिली. मी हसून मागच्या भिंतीकडं बोट केलं, चोचीसारखी बोटं करून दाखवली. पाखरं. खाल्ली. छान. ती माझ्याकडं बघत राहिली. मग भिंतीपाशी गेली, भिंतीवरून हात फिरवला. दगड ओला होता, बाकी काही नव्हतं.

निगोरानं फोनमध्ये बोलून मला ऐकवलं. फोनमधल्या बाईच्या कोरड्या यांत्रिक आवाजात सगळं कळलं. घरातलं कुणी लांब निघालं की निघताना त्याच्यापुढं नान धरतात. तो एक घास चावतो. उरलेली घरात टांगून ठेवतात, तो परत येऊन ती संपवेल म्हणून. नान त्याला ओढून आणते. ही दिलशोदची होती. मोहिराचा मुलगा, निगोराचा नवरा. रशियात बांधकामावर गेला. आधी फोन यायचे, मागच्या हिवाळ्यापासून तेही बंद. कुठं आहे कुणाला ठाऊक नाही.

आणि ती मी साळुंक्यांना घातली. बिस्मिल्ला म्हणून घातली.

मी मोहिराचे हात धरले, माफ करा, माफ करा म्हटलं. तिनं हात सोडवून घेतले, हळूच, झटकले नाहीत. रात्री जेवायला शोरबा वाढला, माझ्या वाडग्यात मांसाचा मोठा तुकडा घातला. भांडली असती, हाकलून दिलं असतं तर सोसलं असतं. मेहमान म्हणून वाढत राहिली आणि मी खात राहिले.

वासिफ म्हणाला, तुला काय माहीत होतं अम्मी? खरंय. मला काय माहीत होतं? एप्रिलमध्ये तरी काय माहीत होतं?

२५ सप्टेंबर

आज सकाळी फजरच्या नमाजनंतर अंगणात गेले. मोहिरा तंदूर पेटवत होती. मी बाजूच्या दगडावर बसले. तिनं हाकललं नाही, बोलावलंही नाही. पिठाचा गोळा थापला, मधे ठसा मारला, तंदुरात चिकटवला. पुन्हा गोळा.

कसं सुरू झालं सांगता येत नाही. मी तिला कपाचं सांगायला लागले. आधी दखनीत, मग मराठीत, तिला दोन्हीतलं कळत नव्हतं तर काय फरक पडतो. म्हटलं, बाई, तू तर त्याची नान इतके दिवस जपलीस. माझा माणूस अर्धा कप ठेवून गेला, झाकून ठेव म्हणाला, आल्यावर पितो म्हणाला, आणि मी ओतून दिला. मोरीत ओतला. तेवढाही दम नाही निघाला मला. कप धुऊन पालथा घातला. तो तिकडं वडाखाली बसला होता आणि मी इकडं कप धूत होते. अगं, त्याच्या ओठांचा डाग होता कडेला. तो पण घासून काढला मी, चांगला घासून काढला. मी भारी स्वच्छ बाई ना!

आणि मग मला रडू आलं. लिहिताना शोभत नाही, पण भोकाड पसरलं मी. गुरासारखी ओरडले. एप्रिलपासूनचं सगळं आलं. फार दुखलं. मला माझा नवरा हवा होता, दुसरं काहीही नको होतं, तो थापाड्या, अर्धा चहा ठेवणारा माणूस हवा होता. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

मोहिरानं हातातला गोळा खाली ठेवला. माझ्यासमोर उकिडवी बसली, पिठाच्या हातांनी माझे गाल धरले आणि विचारलं, "रफ्त?"

"रफ्त," मी म्हटलं. गेला.

तिनं मान हलवली. मग छातीवर हात ठेवून, लांब उत्तरेकडं बोट करून, मान नाही नाही अशी हलवली. तिचा गेला नाही. माझ्यासमोर बसून, माझे गाल धरून ती मला बजावत होती की तिचा गेला नाही. मी हो हो म्हटलं. तिलाही रडू येत होतं पण तिनं ते गिळलं, मला दिसलं.

मग तिनं तंदुरातून एक नान काढली, फुंकर घातली आणि कडेचा एक घास स्वतःच चावला. मुलाच्या जागी. दोरा ओवून खोलीत गेली. मी पुढं होऊन माझी जपमाळ काढून घेतली आणि तिनं नान त्याच खिळ्याला टांगली. निगोरा दारात होती. ती अंगण झाडायला निघून गेली, अंगण स्वच्छच होतं तरी.

वळले तर व्हरांड्यात वासिफ उभा. कधीपासून उभा होता कोण जाणे. कपाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

२६ सप्टेंबर

उद्या निघायचं. डोळे सुजलेत, डोकं ठणकतंय, आणि सगळं टोचतंय. ऊन टोचतं, टरबूज फार गोड लागतं. दगड होते तेच बरं होतं की काय असं वाटून गेलं.

दुपारी निगोरा माझ्याजवळ येऊन बसली, इकडंतिकडं बघितलं आणि फोनमध्ये काहीतरी हळूच बोलली. फोन म्हणाला, "मी ते खिळ्यावरून काढू शकले नसते. तुमचे आभार." मी म्हटलं, काय? ती पुन्हा तेच बोलली, फोननं पुन्हा तेच सांगितलं. मग तिनं "रहमत, मुअल्लिमा" म्हणून माझा हात दाबला आणि सासूची चाहूल लागताच उठून गेली.

हा फोन काहीतरी भलतंच सांगतो. ज्यानं नुकसान केलं त्याचे कुणी आभार मानतं का?

२७ सप्टेंबर, आगगाडीत

सकाळी निघताना मोहिरानं दस्तरखानावर बसवलं आणि माझा प्याला काठोकाठ भरला. इतका की उचलता येईना. मी प्याल्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. ती ओठ दाबून बसली होती. मग दोघींनाही हसू फुटलं, चहा दस्तरखानावर सांडला. निघा आता, बाई! किती दिवसांनी हसले. आपण हसतोय हे कळल्यावर थोडी दचकलेच.

निगोरानं तिला सांगितलेलं दिसतं की वासिफ परदेशी चाललाय. फाटकाशी मोहिरानं माझ्या हातात फडक्यात बांधलेली गरम नान दिली. वासिफकडं बोट केलं, मग दातांनी चावून दाखवलं, मग खिळा ठोकल्यासारखी मूठ हवेत मारली. कळलं. ही घरी नेऊन, तो निघेल त्या दिवशी. मी तिला मिठी मारली. तिच्या अंगाला भट्टीचा वास येतो.

ताश्कंदच्या आधीच मला डुलकी लागली. उठून बघते तर फडकं रिकामं. वासिफनं सगळी नान खाल्ली! लोणच्याबरोबर! मी इतकी चिडले की समोरची बाई पुस्तक मिटून बघायला लागली. "अम्मी, भूक लागली होती. नान होती, खाल्ली. गरम होती." अरे गाढवा, ती तुझ्यासाठीच होती, पण खायला नव्हती! तो खजील होऊन फडक्यातले तीळ वेचून खात बसला. ते तरी ठेव म्हटलं.

११ ऑक्टोबर

आज वासिफ गेला.

सकाळपासून मी त्याच्याशी भांडत होते. मोजे कुठं, पासपोर्ट कुठं, दाढी का नाही केली. करुणा आली होती, म्हणाली, "फहमिदा, दम घे की जरा, लई कावतेस." मी तिलाही काहीतरी बोलले.

रिक्षा यायला थोडा वेळ होता. मी दोघांचा चहा केला आणि त्याच्यासमोर बसले. तो कप फिरवत होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "नको जाऊस रे."

त्याचा कप फिरायचा थांबला.

"म्हणजे जा. जायचंच आहे. पण मला नको वाटतंय. तू गेलास की हे घर मला खाईल. तुला जा जा म्हणत होते ते खरं नव्हतं, खोटंही नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, अम्मी? मी किती वेळा विचारलं तुला."

"तेव्हा काही वाटतच नव्हतं रे," मी म्हटलं. "आता वाटतंय."

त्यानं नाक ओढलं, माझा हात धरून बसला. अगदी ह्यांच्यासारखा हात आहे, अंगठा आखूड. मला वाटलं आता म्हणेल, नाही जात. मला ते हवं होतं, मनापासून हवं होतं. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

तो उठला. उभ्यानं चहाचे दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. अर्धा. मग मांडणीवरून बशी काढून कपावर झाकली, नीट बसली की नाही ते बोटानं बघितलं.

"झाकून ठेवलाय," म्हणाला. "आल्यावर पितो."

गेला. बॅग माझ्या पायाला लागली तेवढं आठवतं. गल्लीच्या वळणापर्यंत रिक्षा दिसत होती, पुढं दिसली नाही. मी रडले. लगेच रडले, उशीर केला नाही.

आत आले तर करुणा भांडी आवरत होती. तिनं बशी काढून आत बघितलं, कप उचलला आणि मोरीकडं निघाली. मी तो तिच्या हातातून घेतला, पुन्हा झाकला आणि मांडणीवर मधोमध ठेवला.

"अगं, मुंग्या लागतील," ती म्हणाली.

"लागू दे," मी म्हटलं.